एक ठोका म्हणजे थांबा

१

औरंगाबादेत पडदानशीन बायकांची मोटार चालवायची, तर आधी मान आवरायला शिकावं लागे. मधुसूदन पाटोदेकर हे शिकला ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्याच्या वडिलांचा जन्म भिक्षुकीत गेला, तो स्वतः दहा वर्षं एका वकिलाकडं उर्दू अर्जांच्या नकला करत बसला, आणि एक दिवस दोन्ही पिढ्यांनी साठवलेलं मोडून त्यानं एक जुनी मोटार घेतली. नातेवाईक म्हणाले, हौसेला मोल नाही. त्याची बायको उमा हिनं मोटारीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाली, "आता माझ्यापेक्षा हिचेच लाड व्हायचे." थट्टेनंच म्हणाली होती.

मोटार एका देवडीतली, म्हणजे जहागीरदारांच्या हवेलीतली. ती मंडळी कायमची हैदराबादेस निघाली होती आणि मागं राहिलेलं सामान मिळेल त्या भावात जात होतं. ही जनानी मोटार. मागच्या खिडक्यांना निळे पडदे, आणि मागची बैठक नि चालवणारा यांच्यामध्ये थेट छतापर्यंत सागवानी आडभिंत. घरंदाज बाईचा आवाज परक्या पुरुषाच्या कानी पडायचा नाही, म्हणून बोलण्याची सोयच ठेवलेली नव्हती. आतून आडभिंतीवर एक ठोका आला की थांबायचं. उतरायचं, चार पावलं पुढं जाऊन मोटारीकडं पाठ करून उभं राहायचं. मागं बायका उतरत, चढत, मोटारीखालचे स्प्रिंगांचे कमानपाटे कुरकुरत, दार लागे. मग आपल्या जागी येऊन बसायचं आणि दोन ठोके आले की निघायचं. महिने गेले तरी आपण कुणाला कुठं नेलं, हे चालवणाऱ्याला फक्त चपलांच्या आवाजावरून माहीत असे.

धंदा चांगला चालला. शहागंजातल्या, बुढ्ढी लेनमधल्या घरांतून बोलावणी येत. जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, खुलदाबादच्या दर्ग्याला, एरवी स्टेशनला, लग्नाकार्याला. हा बामण मान वळवत नाही, असा त्याचा लौकिक झाला, आणि त्या शहरात त्या काळी एवढा लौकिक पोटाला पुरत होता.

आडभिंतीच्या आतल्या बाजूला, बसणारीचा हात पोचेल अशा उंचीवर, लाकडात हरभऱ्याएवढा खळगा पडला होता. कुणाच्या तरी अंगठीच्या खड्यानं वर्षानुवर्षं तिथंच ठोकलं असणार. मोटार पुसताना मधुसूदनाचं बोट त्यात जाई आणि त्याला उगीच बरं वाटे.

२

फसली तेराशे अठ्ठेचाळीसचा, म्हणजे इंग्रजी अडतीस सालचा हिवाळा. भर दुपारी, एका घरच्या बायकांना खुलदाबादला मुक्कामी सोडून तो रिकामी मोटार घेऊन परतत होता. घाट उतरला, दौलताबादचा किल्ला मागं पडला, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आडभिंतीवर ठोका आला.

त्यानं मोटार कडेला घेतली. उतरला, चार पावलं पुढं गेला, पाठ करून उभा राहिला. समोर कोरड्या नाल्यात शेळ्या चरत होत्या. मागं कमानपाटे कुरकुरले, एकदाच, हलक्या अंगाच्या बाईनं उतरावं तसे. तो शेळ्या मोजू लागला, वेळ घालवायची त्याची तीच सवय. सातव्या की आठव्या शेळीवर त्याला आठवलं की मोटार रिकामी आहे.

तो वळला नाही. मान आवरायची सवय अशी, की त्या क्षणीही ती वळेना. कमानपाटे पुन्हा कुरकुरले. मग तो गेला, पडदा सारून बघितला. निळी मखमली बैठक, कोपऱ्यात कुणीतरी विसरलेला पानाचा डबा. बाकी काही नाही. स्वतःवरच हसत तो जागेवर बसला, आणि आडभिंतीवर दोन ठोके आले. त्याचा हात, त्याचा पाय आपलं काम करून गेला, मोटार चालूही झाली. भीती वाटायला लागली ती छावणीपर्यंत आल्यावर.

थंडीत लाकूड आकसतं, त्यानं मनाशी म्हटलं. आकसताना तडकतं, तडकताना वाजतं. वकिलाकडं दहा वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीची बाजू मांडता येते. पण पुढच्या पंधरवड्यात तीनदा तेच झालं, आणि तिन्ही वेळा मोटार रिकामी होती. गिऱ्हाईक मागं असलं की लाकूड आकसत नव्हतं.

३

उमाला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे पैठणला माहेरीच. सातव्यात पोचवायचं ठरलं होतं, आणि मधुसूदनाचा एक हट्ट होता की ती सरकारी बसनं नाही, नवऱ्याच्या स्वतःच्या मोटारीतून माहेरच्या दारात उतरेल. अख्ख्या गल्लीनं बघितलं पाहिजे.

त्यानं तिला ठोक्याचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं, दोन खडे बाजूला टाकले.

"मग तुम्ही काय करता?"

"थांबतो. आणि काय करू?"

"आणि मग?"

"मग दोन ठोके येतात. निघतो."

"झालं तर," उमा म्हणाली. "थांबायला काही जास्त पेट्रोल जळत नाही. थांबावं, मिनिटभर उभं राहावं, निघावं. कुणाला उतरायचं असेल."

"अगं, कुणाला?"

"ते आपण बघत नाही ना? मग झालं."

ती हे इतक्या सहज म्हणाली की त्याला तिचा राग आला. आपण घाबरलोय, हे तिनं ओळखावं आणि वर समजूतही घालू नये, याचा राग.

दुसऱ्या दिवशी तो हर्सूलला गेला. देवडीचा जुना मोटारवाला, हबीबमियाँ, आता तलावाच्या अलीकडं पेरूच्या बागेची राखण करत होता. दाढी पांढरी, एका डोळ्यात फूल पडलेलं. मधुसूदनानं नुसतं मोटारीचं नाव काढलं, तशी म्हाताऱ्यानं हातातली गोफण खाली ठेवली.

"ठोकती ना?"

"कोण ठोकती, हबीबमियाँ?"

"मला काय मालूम? पंधरा साल त्या घरची गाडी हाकली मी. एकदा मागं बघितलं नाय. तेच माझं इमान." त्यानं एक पडका पेरू उचलून बाजूला टाकला. "एक बार ठोका आला अन् मी रुकलो नाय. घाटात होतो. इंजिनाचाच आवाज वाटला मला. जुनी गाडी, खडखड करतीच. पुन्हा आला, पुन्हा आला, मी म्हनलं इंजिनच हाय, घर आलं की बघू."

"मग?"

"मग घर आलं. बायांनी दार उघडलं, अन् एकच रडनं उठलं. मी पाठ करून उभा होतो." हबीबमियाँनं तोंडावरून हात फिरवला. "तुम्ही रुकत जा, बाबा. बस्स. तेवढंच मागती."

मधुसूदन परतला तो भीती कमी होऊन नव्हे, तर चिडून. चूक करायची दुसऱ्यानं, आणि जन्मभर रस्त्यात उतरून पाठ करून उभं राहायचं आपण. मोटारीबरोबर हेही विकत घेतलं होतं का? पण परतीच्या वाटेवर म्हाताऱ्याचा एक शब्द त्याच्या मनात घोळत राहिला. इंजिन. म्हाताऱ्याला इंजिनाचा आवाज वाटला होता. आणि इंजिनाचाच असेल तर?

४

निजामुद्दीन मिस्त्रीचं दुकान पैठण दरवाज्याबाहेर होतं. हा मिस्त्री कानानं अर्धा बहिरा, पण शहरातल्या निम्म्या मोटारी त्याच्याच हातून जात, कारण तो दातांनी ऐके. एक हातभर लांब सागवानी दांडकं होतं त्याचं. त्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा, दोन्ही कानांत बोटं घालायचा आणि डोळे मिटायचा. हाडातून येणारा आवाज खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्यानं इंजिनावर चार ठिकाणी दांडकं टेकवून बघितलं. मग सरकत सरकत मागं आला आणि चालवणाऱ्याच्या जागेवर गुडघा टेकून त्यानं ते आडभिंतीला लावलं. बराच वेळ तसाच राहिला. मग दांडकं दातांतून काढून पुसलं.

"मागं कोनी बसलंय का?"

"नाही," मधुसूदन म्हणाला. "का?"

"नाय, आपलं इचारलं." त्यानं इंजिन बंद केलं. पुन्हा दांडकं लावलं. या वेळी पटकन काढलं.

"काय झालं, मिस्त्री?"

"इंजिनाचा ठोका इंजिनाच्या दमासंगं येतो, मधुसूदनराव. ते जेवढं पळंल तेवढा तो पळतो. ते थांबलं की तो थांबतो." निजामुद्दीन त्याच्याकडं बघत नव्हता. "हा काही तसा नाय."

"पण इंजिनात दोष असू शकतो का नाही?"

"जुनी गाडी हाय. दोष नसंल कसा?"

"बेरिंग गेलं असेल?"

मिस्त्रीनं सुस्कारा सोडला. "असू शकतं. खोलल्याबगर सांगता येत नाय, अन् खोललं की मग आधं सोडता येत नाय. बेरिंगांत नवा धातू ओतायचा, इंजिनातला दांडा बंबईला पाठवून घासून आणायचा. म्हैनाभर गाडी इथं पडंल." त्यानं सांगितलेला आकडा मोटारीच्या किमतीच्या निम्म्याला पोचत होता. "सस्ता रोये बार-बार, म्हनत्यात ना. लई खर्च हाय, राव. माझं ऐकाल तर घाई करू नका."

पण मधुसूदनाच्या छातीवरचा धोंडा तेवढ्यात उतरला होता. आजाराला नाव मिळालं की माणसाला निम्मं बरं वाटतं, आणि औषध महाग असलं तर पुरतंच वाटतं. एवढे पैसे लागतात म्हणजे दोष खराच मोठा असणार, आणि तो लोखंडातच असणार. देवडीतल्या बायकांचा, हबीबमियाँच्या पेरूच्या बागेचा त्याच्याशी काही संबंध उरत नव्हता.

पैसे नव्हते. उमाच्या हातात पाटल्या होत्या.

तिनं त्या काढून दिल्या. साबण लावून काढाव्या लागल्या, कारण हात सुजले होते. "मिस्त्री म्हणाला का, की ठोका इंजिनाचाच आहे?" तिनं विचारलं.

"हो," मधुसूदन म्हणाला.

५

महिन्याचे दोन महिने झाले. दांडा मुंबईहून येईना. उमाचा सातवा गेला, आठवा लागला. यमुनाबाईंचं, म्हणजे तिच्या आईचं, पैठणहून पत्र आलं की बसनं पाठवा, नाहीतर मी येते. मधुसूदनानं उलट टपाली कळवलं की काळजी नसावी, मोटार तयार होतेच आहे. आज ना उद्या, आज ना उद्या. उमानं एकदा म्हणून बघितलं, "बसनं गेले तर काय बिघडलं?" त्यावर तो इतका दुखावला गेला की तिनं विषय सोडला. तिला दुखवायला जमत नसे, हाच तिचा एक दोष.

दुकानात एक गोष्ट घडली, ती त्यानं घरी सांगितली नाही. इंजिन खोललं त्या दिवशी निजामुद्दीननं त्याला बोलावून घेतलं होतं. फडक्यावर बेरिंगं मांडून ठेवली होती. चकचकीत, एक ओरखडा नाही.

"बघा तुम्हीच. काय बी झालं नाय यांना. खोलायची मजुरी तेवढी द्या, बाकीचे पैसे घेऊन जा. आहे तसं बसवून देतो."

मधुसूदन त्या बेरिंगांकडं बघत राहिला. चांगली बेरिंगं बघून इतकं वाईट वाटलेला माणूस मिस्त्रीनं उभ्या जन्मात बघितला नसेल.

"नवा धातू ओता," तो म्हणाला.

"कायकू पन?"

"ओता म्हणतो ना."

आणि आणखी एक काम सांगितलं. आडभिंतीला आपल्या बाजूनं जाड नमदा ठोकून घ्यायचा, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला. बायकांसाठी छताला दोरी लावायची, आणि दोरीला पुढं पितळी घंटी. आता ठोकायचं काम नाही. थांबायचं असेल तर दोरी ओढावी, घंटी वाजेल. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी, त्यानं मिस्त्रीला सांगितलं. नमदा ठोकताना निजामुद्दीननं प्रत्येक खिळ्याआधी हात थांबवला आणि पुसटसं काही पुटपुटला.

मोटार रस्त्यावर आली आणि आठ दिवस रिकामी, भरलेली, कशीही चालवली तरी ठोका आला नाही. इंजिन गाईसारखं गरीब झालं होतं. तो चार लोकांत सांगायला लागला, की महाग पडलं, पण काम पक्कं झालं.

६

उमाला नववा लागून बारा दिवस झाले होते. सकाळी आठच्या सुमाराला ते निघाले. ती मागं लोडाला टेकून पडली, गुडघ्यांवर शाल. दार लावण्याआधी त्यानं वर लोंबणारी दोरी दाखवली. "काही वाटलं तर नुसतं ओढ."

"बरं," उमा म्हणाली. मग बैठकीवर हात फिरवून म्हणाली, "इथं ऊब आहे हो. उन्हात ठेवली होती का?"

मोटार रात्रभर सावलीत होती. त्यानं दार लावलं.

रेल्वेच्या फाटकाशी घंटी वाजली. तो दचकून उतरला, मागं गेला, तर ती हसत होती. "वाजते का बघितलं." तिला असं हसताना त्यानं कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. त्यालाही हसू आलं. पैठणच्या गल्लीत मोटार शिरेल तेव्हा कोण कोण दारात येईल, याचा हिशेब करत तो निघाला.

चितेगाव मागं पडलं. ऊन चढायला लागलं होतं. आणि नमद्याच्या आडून, जाड, दबलेला, एक ठोका आला.

घंटी नाही वाजली, त्यानं मनाशी म्हटलं. उमा घंटी वाजवील. आत्ताच तर वाजवून बघितली तिनं. मग हा ठोका उमाचा नाही.

पुन्हा एक.

"उमा!" त्यानं हाक मारली. मध्ये नमदा, खाली इंजिन. उत्तर आलं असतं तरी ऐकू आलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. झोपली असेल. तिला झोप लागली आहे आणि तिच्या शेजारी ते ठोकतंय. थांबलो तर उतरावं लागेल, पाठ करावी लागेल, आणि तेवढ्या वेळात दार उघडून, कमानपाटे कुरकुरून काय आत जाईल, काय बाहेर येईल? उमा आत असताना? छे. तिला या मोटारीतून लवकरात लवकर बाहेर काढायचं, एवढं एकच खरं. त्यानं वेग वाढवला. हे त्यानं उमावरच्या मायेनं केलं. त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये, तो स्वतःही पुढं कधी घेऊ शकला नाही, आणि तेच त्याला जास्त सोसवलं नाही.

बिडकीनचा बाजार होता. बैलगाड्या, कोंबड्यांच्या पाट्या, मधोमध उभी माणसं. त्याला वेग कमी करावा लागला आणि तेव्हा ठोके स्पष्ट आले. एकामागून एक. एक, एक, एक, एक. प्रत्येक ठोक्याचा अर्थ एकच होता आणि तो त्याला तोंडपाठ होता. रस्त्याच्या कडेला निंबाखाली सरूबाईचं घर होतं. बिडकीनच्या पंचक्रोशीतली शंभरेक पोरं तिच्या हातून जगात आली होती. ती ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. मोटार बघून तिनं मान वर केली. मधुसूदन भोंगा वाजवत तिच्यासमोरून निघून गेला.

गाव संपलं. ठोके आणखी थोडा वेळ येत राहिले, मग विरळ झाले, मग थांबले. दोन्ही बाजूंना नुसत्या बाभळी. कितीतरी वेळ इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. ढोरकीनच्या अलीकडं, हळू, सावकाश, दोन ठोके आले.

दोन म्हणजे निघा.

मधुसूदनाचा श्वास मोकळा झाला. गेली एकदाची, तो म्हणाला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, आणि पैठण येईपर्यंत तो चक्क आरतीची चाल गुणगुणत होता.

७

यमुनाबाई दारातच होत्या. गल्लीतली माणसंही बाहेर आली होती, त्याच्या मनात होतं तशीच. तो उतरला आणि सवयीनं चार पावलं पुढं जाऊन मोटारीकडं पाठ करून उभा राहिला. पुढं सगळ्यांना त्याचं हे वागणं विचित्र वाटलं. त्याला ते कळलंही नव्हतं.

मागं दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग यमुनाबाईंचा आवाज, अगदी खालचा, "अगं बाई गं." बायकांची धावपळ, कुणीतरी "धरा, धरा, पायाकडनं धरा," कमानपाट्यांचा आवाज, घराच्या आत जाणारी पावलं. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. तो वळणार, तेवढ्यात कमानपाटे पुन्हा कुरकुरले. हलकेच. सगळ्या बायका आत गेल्या होत्या. मोटारीचं दार कुणीतरी अलगद ओढून घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मान वळवली. गल्ली एव्हाना रिकामी झाली होती. निळ्या पडद्याची कड किंचित बाहेर आली होती. आतून कुणी नीट करावी, तशी ती सरळ झाली.

दार उघडायला त्याला किती वेळ लागला, ते त्याला सांगता आलं नाही. आत कुणी नव्हतं. बैठक ओली होती, आणि त्या ओलीचा रंग त्यानं पाहिला. दोरी वर लोंबत होती, पडून राहिलेल्या बाईच्या हाताला पोचणार नाही इतकी वर. आडभिंतीतला तो हरभऱ्याएवढा खळगा आता सुपारीएवढा खोल होता. खाली मखमलीवर लाकडाचा ताजा भुगा पडला होता. उमाच्या हातात पाटल्या नव्हत्या, अंगठी नव्हती. नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि त्यांतली एकही फुटली नव्हती.

८

मुलगी होती. ती रडली नाही.

उमा वाचली. बाराव्या दिवशी, जेव्हा घरात बारसं व्हायचं होतं, ती पहिल्यांदा उशीला टेकून बसली. मधुसूदन पायाशी बसला होता. गावात एव्हाना बोलणं पोचलं होतं. सरूबाई कुणाशी तरी म्हणाली होती, "म्या वट्यावरच बसले व्हते की. गाडी म्होरूनच गेली. हाक मारायची व्हती." कुणीतरी ते यमुनाबाईंना सांगितलं होतं, आणि यमुनाबाईंनी जावयाला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"तुम्हाला ऐकू नाही आलं?" उमा म्हणाली.

तो खोटं बोलू शकला असता. नमदा होता, इंजिन होतं. सगळं त्यानंच तर करून ठेवलं होतं.

"आलं," तो म्हणाला.

ती रागावली नाही. तिनं शालीची दशी बोटाभोवती गुंडाळली.

"चितेगावच्या पुढं एकदम सुरू झालं. दोरीला हात पोचेना. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. एका हातानं माझा घाम पुसत होती, दुसऱ्यानं ठोकत होती. मी म्हटलं, थांबतील ते, नेहमी थांबतात. बिडकीनला तर तिच्या बोटातून रक्त यायला लागलं होतं, तरी ठोकत होती. तिचे हात फार गार होते हो." उमा थांबली. "गाव गेल्यावर तिनं माझ्या पोटावर तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हात काढून घेतला, आणि दोनदा ठोकलं."

बाहेर कुणीतरी विहिरीवर घागर आपटली. उमानं डोळे मिटले. "थांबायला पेट्रोल लागत नाही, म्हटलं होतं मी," ती म्हणाली, आणि मग त्या विषयावर ती पुन्हा कधीच बोलली नाही.

मोटार त्यानं विकली नाही. विकली असती तर घेणाऱ्याला सांगावं लागलं असतं. त्याच आठवड्यात त्यानं नमदा स्वतःच्या हातानं उपटला, घंटी काढून नदीत टाकली. पुढं लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं, निजामाचं राज्यही गेलं, तरी रिकामी मोटार घेऊन तो अधूनमधून पैठणच्या रस्त्याला जाई. बिडकीनला निंबापाशी थांबे. उतरे, चार पावलं पुढं जाऊन पाठ करून उभा राही. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. कमानपाटे कधीच कुरकुरले नाहीत. एकदा नाकारलं ते नाकारलं, आता ती काही मागत नव्हती. मग तो जागेवर येऊन बसे, दोन ठोक्यांची वाट बघे, आणि ते न येताच निघे.

उमाला त्यानं सगळं सांगितलं. पाटल्यांचं, चकचकीत बेरिंगांचं, हबीबमियाँचं. फक्त एक गोष्ट त्याला जन्मभर सांगता आली नाही. ते दोन ठोके ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं आणि आपण गुणगुणायला लागलो होतो, ही.